उन्हाच्या हिशेबाने शनिवार-रविवार: कोजागिरी ते वसुबारस, ठाण्यातल्या दोघांसाठी

कोजागिरीचं दूध पिऊन झालं की वसुबारसेला जेमतेम बारा दिवस उरतात. त्यात शनिवार-रविवार एकच येतो, फार तर दोन. घर पावसाने ओशट झालेलं, माळ्यावर गेल्या दिवाळीपासून हात न लागलेला, फराळाचं काहीच नाही. आणि दोघांनाही वाटत असतं की निदान एक सकाळ कुठेतरी हिरवळीत जाऊन यावं, कारण येऊरचं जंगल आत्ता जसं दिसतं तसं डिसेंबरात दिसत नाही.

लग्नानंतरची पहिली तीन वर्षं आम्ही हे दोन दिवस घड्याळावर बसवले. शनिवारी साफसफाई, रविवारी फिरणं, उरलेल्या वेळात खरेदी. दर वर्षी रविवारी रात्री दोघं पाय धरून बसायचो आणि निम्मी कामं तशीच. मग एकदा सासूबाई राहायला आल्या असताना सहज म्हणाल्या, "अगं, ऊन कुठे आहे ते बघून काम काढावं." तेव्हापासून आमचं वेळापत्रक उन्हावर चालतं. तेच इथे मांडते आहे. आम्ही पाचपाखाडीत राहतो, त्यामुळे अंतरं तिथून धरली आहेत. वर्तकनगर, घोडबंदर किंवा कळव्याला राहणाऱ्यांनी थोडा फेरफार करावा.

आधी आपल्या घरातलं ऊन ओळखा

हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबई-ठाण्यातून पाऊस माघारी जायची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. त्यानंतर आकाश स्वच्छ होतं, जमीन अजून ओली असते, समुद्रावरचा वारा दुपारी उशिरा पोचतो, आणि पारा पस्तिशीच्या आसपास जातो. यालाच आपण ऑक्टोबर हीट म्हणून कपाळावर आठ्या घालतो. पण चार महिन्यांत पहिल्यांदाच मिळालेलं हे कडक ऊन आहे. दहा ते तीन या वेळात ते पोहे वाळवतं, उशा कडक करतं, कपाटाचा कुबट वास घालवतं. त्याच वेळात माणूस रस्त्यावर असला तर अर्धमेला होतो. म्हणून दहाच्या आत आणि पाचनंतर माणसांनी बाहेर, मधल्या वेळात वस्तूंनी उन्हात आणि माणसांनी घरात. सगळं वेळापत्रक या एका वाक्यावर उभं आहे.

दक्षिणेकडे बाल्कनी असलेल्यांसाठी एक गंमत. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत आपल्याकडे भर दुपारी सूर्य डोक्याच्याही थोडा उत्तरेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन शिरत नाही. ऑक्टोबरात तो दक्षिणेकडे कललेला असतो आणि तीच बाल्कनी दुपारभर न्हाऊन निघते. पूर्वेच्या बाल्कनीत अकरापर्यंत ऊन, पश्चिमेच्या बाल्कनीत दोननंतर. उत्तरेवाल्यांना गच्चीशिवाय पर्याय नाही.

गच्चीचं म्हणाल तर किल्लीची व्यवस्था शुक्रवारीच करा. आमच्याकडे किल्ली वॉचमनकाकांकडे असते. एका शनिवारी आम्ही गादी डोक्यावर घेऊन सातव्या मजल्यावर पोचलो आणि काका नाश्त्याला गेलेले. गादी लिफ्टमध्ये मावत नव्हती, म्हणजे तशीच खाली आणायची किंवा तिच्याच शेजारी बसून राहायचं. आम्ही बसून राहिलो.

शुक्रवारी रात्री: अर्धा तास, पण तोच महत्त्वाचा

भाजणी या शनिवार-रविवारी तयार करायची. चकल्या तळायच्या नाहीत, त्या पुढच्या आठवड्यात, नाहीतर दिवाळीआधीच डबा रिकामा होतो. आमच्या घरचं प्रमाण: तांदूळ ४ वाट्या, हरभरा डाळ २ वाट्या, उडीद डाळ १ वाटी, मूग डाळ अर्धी वाटी, पोहे अर्धी वाटी, साबुदाणा पाव वाटी, धने पाव वाटी, जिरे २ चमचे. पीठ साधारण दीड किलोच्या आसपास होतं. दोघांना, शेजाऱ्यांना आणि ऑफिसच्या डब्याला पुरतं.

तांदूळ आणि डाळी वेगवेगळ्या धुवून घ्या. डाळींचं पाणी नितळ येईपर्यंत धुवायचं, पण भिजत ठेवायच्या नाहीत. चाळणीत निथळून सुती पंचावर किंवा जुन्या धोतरावर पसरा आणि रात्रभर पंख्याखाली राहू द्या. पोहे, साबुदाणा, धने, जिरे धुवायचे नाहीत. भाजणीचं धान्य सावलीतच वाळवायचं असतं. उन्हात टाकलं की वरून कडकडीत आणि आतून दमट राहतं, मग भाजताना फसवतं.

अनारशांची हौस असेल तर ही वेळ उशिराचीच. तांदूळ तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचं, मग निथळून दमट असतानाच कुटायचा, गूळ घालून पीठ मुरवायचं. गुरुवारी तांदूळ भिजला असेल तरच रविवारी पुढचं काम. आम्ही हा नाद सोडला. अनारसे महिला बचत गटाकडून घेतो आणि ते माझ्यापेक्षा चांगले होतात, हे कबूल करायला मला आता लाज वाटत नाही.

शुक्रवारीच आणखी तीन फोन करून टाका. एक गिरणीवाल्याला: रविवारी किती वाजेपर्यंत चालू, आणि भाजणी कधी दळतो. दुसरा रद्दी-भंगारवाल्याला: शनिवारी चारनंतर ये. तिसरा आपल्या कामाच्या मावशींना. माळा काढायला त्यांची मदत हवी असेल तर आधी विचारा, जास्तीच्या कामाचे पैसे आधी ठरवा, आणि दिवाळीचा बोनस याच आठवड्यात द्या. त्यांनाही घरी फराळ करायचा असतो. भाऊबीजेला दिलेल्या पैशाचा त्यांना काय उपयोग?

शनिवार, साडेसहा ते नऊ: जांभळी नाका

या दिवसांत सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. चहा घेऊन निघा, गाडी नको. रिक्षा किंवा टीएमटीची बस. पाचपाखाडीहून आम्ही जाताना चालत जातो, येताना पिशव्यांमुळे रिक्षा करतो. जांभळी नाक्याच्या बाजारात सकाळी सातला जो भाव आणि जी जागा मिळते ती साडेनऊनंतर नाही. दिवाळीच्या आधीच्या संध्याकाळी तर तिथे पाय ठेवायलाही जागा नसते.

दोघांनी वाटून घ्या. एकाने वाणसामान: पातळ पोहे, शेंगदाणे, डाळं, सुकं खोबरं, रवा, बेसन, पिठीसाखर, तीळ, ओवा. दुसऱ्याने भाजी, कढीपत्ता, मिरच्या आणि कंदिलाचं सामान: बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, दोरा. पोहे घेताना मूठभर हातात घेऊन चुरडून बघा. चटकन तुकडे पडले तर कोरडे, वाकले तर सादळलेले. तेल मात्र इथून उचलून आणू नका, सोसायटीखालच्या दुकानातूनच घ्या. पाच लिटरचा कॅन हातात धरून जांभळी नाक्याच्या गर्दीतून चालणं ही शिक्षा आहे.

बाजार आटोपला की कौपीनेश्वराला हात जोडून मासुंदा तलावाकाठी पाच मिनिटं बसता येतं. या वेळी तलावपाळी शांत असते. (नरकचतुर्दशीच्या पहाटे इथे आणि राम मारुती रोडवर अख्खी तरुणाई नटून उतरते, तेव्हाचं चित्र वेगळंच.) मग नाश्ता. तहसील कचेरीजवळची मामलेदार मिसळ ठाणेकरांना सांगायला नको, पण नवीन राहायला आलेल्यांसाठी एक सूचना: पहिल्यांदा जात असाल तर तिखटाची पायरी मध्यमच्या पुढे चढवू नका. पुढे दिवसभर काम आहे.

शनिवार, साडेनऊ ते एक: वस्तू उन्हात, हात ओले

घरी आल्या आल्या पहिलं काम उन्हाचं. चिवड्याचे पोहे चाळून मोठ्या चादरीवर पातळ पसरा आणि वरून जुनी ओढणी घाला, म्हणजे कबुतरं आणि धूळ लांब राहतील. दोन तास कडक ऊन पुरे. उशा, रजया, कापसाच्या गाद्या गच्चीवर किंवा बाल्कनीच्या आत, एक वाजता उलटायच्या. कठड्याबाहेर टांगू नका, खालच्या मजल्यावरच्यांची धुळीची तक्रार रास्त असते. फोमची आणि रबराची गादी भर उन्हात टाकायची नाही. उन्हाने फोम पिवळा पडतो, रबराचा चुरा होतो. ती भिंतीला उभी टेकवून पंख्याचा वारा द्या. रेशमी साड्या, पैठण्या सावलीतच वाऱ्यावर टाकायच्या आणि परत ठेवताना घडी बदलायची. त्याच त्याच घडीवर रेशीम फाटतं. डांबरगोळ्या जरीला टेकू देऊ नका.

आता सफाई. वरून खाली या एवढाच नियम. आधी माळा, मग पंखे, मग कपाटं, शेवटी लादी. पंखा पुसताना मुख्य स्विच पाडा. जुना उशीचा अभ्रा पात्यावर चढवून बाहेर ओढला की धूळ अभ्र्यातच राहते, पलंगावर पडत नाही. माझा नवरा उंच आहे म्हणून पंखे, जाळ्या, माळा त्याच्याकडे. मी कपाटं आणि स्वयंपाकघर. "तू काय फक्त घड्या घालतेस," असं तो दर वर्षी म्हणतो, आणि दर वर्षी गॅसवरच्या चिमणीची जाळी बघून गप्प होतो.

चिमणीच्या जाळीबद्दल थोडं थांबून सांगते, कारण यात मी एक जाळी वाया घालवली आहे. जाळी स्टीलची असेल तर बादलीत उकळतं पाणी, त्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा, अर्धा तास बुडवून ठेवा. चिकटा आपोआप सुटतो, घासायला लागत नाही. पण ॲल्युमिनियमची असेल तर धुण्याचा सोडा चालत नाही, ती काळी पडते. चुंबक लावून बघण्यात अर्थ नाही, कारण स्टीलच्या काही प्रकारांनाही तो चिकटत नाही. वजनावरून ओळखा. हलकी, विणलेल्या तारेसारखी दिसणारी जाळी बहुधा ॲल्युमिनियमची. तिला भांड्यांचा साबण आणि गरम पाणी एवढंच.

बुरशी. पावसाळ्यात बेडच्या मागच्या भिंतीवर आणि प्लायच्या कपाटाच्या पाठीला ती येतेच. कोरड्या ब्रशने कधीही घासू नका, ती घरभर उडते. नाकातोंडाला मास्क, खिडकी उघडी, फडकं ओलं करून पुसून घ्यायचं. मग पांढरं व्हिनेगर फवारून तासभर राहू द्या, पुन्हा पुसा आणि कपाट दिवसभर उघडं ठेवा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवलं तर पुढच्या वर्षी काम कमी होतं.

एक गोष्ट मात्र कानाला खडा लावून लक्षात ठेवा. न्हाणीघर धुताना ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकत्र वापरायचं नाही, एकामागोमाग एकही नाही. टॉयलेट क्लीनरमध्ये आम्ल असतं. ते ब्लीचला मिळालं की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. अमोनिया असलेला काच पुसायचा द्राव आणि ब्लीच यांच्यातूनही विषारी वायू सुटतो. एका दिवशी एकच.

पितळेची समई, निरांजन, तांब्या चिंचेच्या कोळाने आणि मिठाने घासा, लगेच धुवून पुसून उन्हात. पाणी तसंच राहिलं की डाग पडतात.

माळ्यावरून जे निघेल त्याचे दारातच ढीग करा. रद्दी आणि धातू भंगारवाल्याला. जुनी चार्जर, बिघडलेला मिक्सर, फुगलेल्या बॅटऱ्या वेगळ्या, त्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यायच्या. चांगले कपडे देऊन टाका. जुन्या वस्तीत अजून बोहारीण येते. तिच्याशी घासाघीस करून चार साड्यांवर एक स्टीलचा डबा मिळवण्याची कला माझ्या आईकडे होती, माझ्याकडे नाही.

शनिवार, दोन ते पाच: कंदील

जेवण साधंच, खिचडी किंवा दहीभात. दुपारचं ऊन बाहेर आणि आपण घरात. बसून करायचं काम हवं, तर घरचा आकाशकंदील. विकतचा शंभर प्रकारांत मिळतो हे खरं, पण दोघांनी मिळून करायच्या कामांत मला याच्याइतकं चांगलं दुसरं सापडलेलं नाही, कारण एकट्याच्याने ते होतच नाही. एकाने धरायचं, दुसऱ्याने बांधायचं.

जुन्या पद्धतीच्या कंदिलाचा सांगाडा म्हणजे सहा चौकोन एकमेकांना कोपऱ्यांत जोडलेले. मग मध्ये आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. बाल्कनीसाठी ९ इंचांच्या काड्या पुरतात. तेवढ्यात साधारण १३ इंच उंच आणि तेवढाच रुंद कंदील होतो.

कामट्यांच्या ९ इंचांच्या २४ काड्या कापा. पहिली नीट मोजून कापायची आणि बाकीच्या तिच्याशीच ताडून बघायच्या. आदल्या काडीवरून पुढची मापत गेलात तर चोविसावी काडी अर्धा इंच मोठी होते. कामटी चिरण्याआधी अर्धा तास पाण्यात ठेवली तर फाटत नाही. हाताला कूस लागते म्हणून काड्या सँडपेपरवरून एकदा ओढून घ्या.

चार काड्यांचा एक चौकोन, असे सहा. कोपऱ्यावर दोरा इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरवायचा, तीन-चार वेढे आणि गाठ. आता प्रत्येक चौकोनात कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एक तिरकी काडी बांधा, पावणेतेरा इंचांची. हे आम्हाला दोन वर्षं कळलं नव्हतं. तिरकी काडी नसली की पूर्ण झालेला सांगाडा हातात घेताच पिळवटून चपटा होतो. चौकोन डुगडुगतो, त्रिकोण डुगडुगत नाही, आणि तिरक्या काडीने प्रत्येक चौकोनाचे दोन त्रिकोण होतात. एकूण बांबू साधारण पंचवीस फूट लागतो. थोडा जास्तच आणा, दोन-तीन काड्या मोडतातच.

जोडणी अशी: एक चौकोन जमिनीवर आडवा, हा तळ. त्याच्या चार कोपऱ्यांना चार चौकोन कोपऱ्यावर उभे करून बांधायचे, म्हणजे ते पतंगासारखे दिसतील. शेजारशेजारच्या पतंगांचे कडेचे कोपरे एकमेकांना बांधा. मग वरच्या चार टोकांवर सहावा चौकोन आडवा बांधला की सांगाडा झाला. इथे तिसरा हात हवासा वाटतो. शेजारचं एखादं शाळकरी पोर पकडून आणावं, त्याला मजा येते.

खळ घरीच करा. दोन चमचे मैदा एक कप पाण्यात गुठळ्या न राहता कालवून मंद आचेवर ढवळत शिजवायची. पांढरी असते ती चमकदार, पारदर्शक झाली की उतरवा आणि गार करा. कागद प्रत्येक बाजूला अर्धा इंच जास्त ठेवून कापा. पाच चौकोन एका रंगाचे, आठ त्रिकोण दुसऱ्या. वरचा चौकोन उघडा ठेवायचा, दिवा तिथूनच सोडायचा. खळ काडीला लावा, कागदाला नाही, कागद ओला झाला की फाटतो. सुरुवातीला कागद सैल दिसेल, घाबरू नका. खळ वाळली की तो आपोआप ताणला जातो. खालच्या चार कोपऱ्यांना झिरमिळ्या.

हे सगळं पंखा बंद करून करावं लागतं, नाहीतर कागद खोलीभर. ऑक्टोबरच्या दुपारी. तेवढी एक परीक्षा आहे.

दिवा पाच ते नऊ वॉटचा एलईडीच. जुना पिवळा बल्ब लावू नका. तो तापतो आणि आत कागद आहे. होल्डर वरच्या तिरक्या काडीला बांधा, वायर जोडायचीच झाली तर जोड घराच्या आत येऊ द्या, बाल्कनीत नको.

शनिवार संध्याकाळ: भाजणी

तीननंतर एकदा आभाळाकडे बघून घ्या. परतीच्या पावसाची सर या दिवसांत संध्याकाळी, बहुतेक वेळा पूर्वेकडून येते, गडगडाट करत. ढग दिसले की गाद्या आत. पोहे तर दुपारीच डब्यात गेलेले असावेत.

सहानंतर हवा जरा हलते, सूर्यही सव्वासहाच्या आत मावळतो. तेव्हा भाजणी भाजायला घ्या. प्रत्येक धान्य वेगळं, मध्यम आचेवर, जाड बुडाच्या कढईत. तांदूळ हलका होऊन फुलल्यासारखा वाटतो. हरभरा डाळीला खमंग वास येतो. उडदाची डाळ गुलाबी झाली की लगेच काढा, ती एका क्षणात करपते आणि करपलेली उडीद डाळ अख्ख्या भाजणीला कडवट करते. साबुदाणा, पोहे, धने, जिरे शेवटी, नुसते गरम होऊन वास सुटेपर्यंत. सगळं परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या. कोमट असताना डब्यात भरलं तर वाफ धरते.

या रात्री बाहेर जेवा. ओटा खरकटा करायचा नाही, हा माझा हट्ट आहे.

रविवार सकाळ: एकच ठिकाण, आणि तेही कामाचं नको

सातच्या आत भाजणीचा डबा गिरणीत टाका. गिरणीवाल्याला सांगा की गव्हावर दळू नकोस, तांदळावर किंवा दुसऱ्या कुणाच्या भाजणीवर दळ, आणि फार बारीक नको. जात्यात आधीच्या दळणाचं पीठ राहिलेलं असतं. गव्हाचं मिसळलं की चकली मऊ पडते. दिवाळीआधी गिरणीत रांग असतेच, डबा ठेवून फिरायला गेलं की परतताना तयार मिळतो.

मग फिरणं. ठाण्यात तीन पर्याय आहेत, दोन तासांत होणारे. त्यातला एकच निवडा.

येऊर. उपवन तलावावरून वर चढणारा रस्ता. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच हा ठाण्याकडचा भाग, १०० चौरस किलोमीटरांहून मोठ्या जंगलाचं आपल्या बाजूचं दार. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करायची, ठरलेल्या वाटेवरूनच चालायचं, स्पीकर घरी ठेवायचा. ऑक्टोबरात झरे अजून वाहतात, गवत कमरेएवढं असतं, कोळ्यांची मोठाली जाळी दवाने चमकतात. कारवीची फुलं मात्र शोधू नका. ती आठ वर्षांतून एकदा सामूहिक फुलते. २०१६ साली फुलली, मग २०२४ साली. म्हणजे आता २०३२. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बूट, एक लिटर पाणी. हे बिबट्यांचं जंगल आहे, तेव्हा उन्हं उतरल्यावर तिथे रेंगाळायचं नाही. पाड्यांवरच्या बायका रस्त्याकडेला भाजी घेऊन बसल्या असतील तर घ्या, आणि भाव करू नका.

फुलपाखरं. घोडबंदर रस्त्यावर ओवळ्याला ओवळेकर वाडी आहे, रविवारी सकाळी उघडते. आधी चौकशी करून जा. पाऊस संपतानाचे हे आठवडे फुलपाखरांसाठी सगळ्यांत चांगले. इथे मात्र पहाटे पोचण्यात अर्थ नाही. फुलपाखरू अंग गरम झाल्याशिवाय उडत नाही. आधी पंख पसरून ऊन खातं, नऊनंतर खरी हालचाल सुरू होते. मोठं काळं, निळ्या झळाळीचं दिसलं तर ते ब्लू मॉरमॉन, २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. अकराला निघा, नंतर घोडबंदरच्या कोंडीत ऊन आणि धूर दोन्ही खावं लागतं.

तिसरा पर्याय ज्यांना चालायचंच नाही त्यांच्यासाठी, कचराळी तलाव. दोन फेऱ्या, एक शहाळं, घरी.

"खाडीवर रोहित बघायला जाऊ या का?" (रोहित म्हणजे फ्लेमिंगो) हा प्रश्न दर ऑक्टोबरात आमच्या घरी निघतो. ठाणे खाडीचं रोहित अभयारण्य २०१५ चं, २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला, आणि ऐरोलीहून भरती-ओहोटी बघून बोटही सुटते. पण पक्षी नोव्हेंबरापासून यायला लागतात आणि मोठे थवे बघायला जानेवारी-फेब्रुवारी बरी. आत्ता गेलात तर खारफुटी दिसेल. ती सुंदर असते, पण नवऱ्याने पन्नास वेळा "गुलाबी कुठंय?" विचारलं तर सहन करायची तयारी ठेवा.

लोकलने कुठे जायचा बेत असेल तर रविवारचा मेगाब्लॉक आदल्या रात्री बघून घ्या. साधारण अकरा ते चार हा त्याचा वेळ, आणि ट्रान्सहार्बरवरही असतो. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून आपल्याच गावी आली, याचा ठाणेकराला अभिमान आहेच. पण रविवारी दुपारी फलाटावर उभं राहिल्यावर तो फारसा उपयोगी पडत नाही.

रविवार दुपार: चिवडा

येताना भाजणी घ्या. घरी आल्यावर चाळून, वर्तमानपत्रावर पसरून पूर्ण थंड करा आणि मगच डब्यात.

चिवड्याला अर्धा किलो पोह्यांमागे शेंगदाणे १ वाटी, डाळं १ वाटी, सुक्या खोबऱ्याचे काप अर्धी वाटी, मिरच्या आठ-दहा, कढीपत्ता दोन मुठी, तेल पाऊण वाटी. कालचे उन्हातले पोहे मंद आचेवर जरा भाजून बाजूला ठेवा. आच वाढवली तर ते आक्रसतात. उन्हात वाळलेले असल्याने हे काम पाच मिनिटांत होतं. एरवी वीस. तेलात शेंगदाणे, खोबरं, डाळं या क्रमाने तळून काढा. मग मिरच्या आणि कढीपत्ता अगदी कोरडे, कुरकुरीत होईपर्यंत परता. यात घाई केली तर त्यांचा ओलावा पोह्यांत उतरतो आणि चार दिवसांत चिवडा सादळतो. मग मोहरी, हिंग, हळद, पोहे, मीठ, दोन चमचे पिठीसाखर. गार झाल्यावरच डबा बंद.

एकाने हे करावं, दुसऱ्याने तोवर झोपावं. पुढच्या रविवारी अदलाबदल. आमच्याकडे हा करार लेखी आहे, फ्रिजवर चुंबकाने लावलेला.

रविवार संध्याकाळ

खरेदीला जाऊ नका. राम मारुती रोड, गोखले रोड आज संध्याकाळी माणसांनी भरून वाहत असतात, कपडे घालून बघायला पाऊण तास रांग लागते, गाडी लावली तर ती उचलून नेतात. गेल्या वर्षी आम्ही कुर्त्याच्या किमतीएवढा दंड भरून आलो. त्यापेक्षा मंगळवार-बुधवारी ऑफिसातून येताना स्टेशनवरून चालत निघा, तासाभरात होतं.

त्याऐवजी नाटकाचा प्रयोग बघा. गडकरी रंगायतन १९७८ पासून मासुंद्याच्या काठावर आहे, घोडबंदरच्या बाजूला राहणाऱ्यांना घाणेकर नाट्यगृह जवळ पडतं. तिकीट बुधवार-गुरुवारीच काढून ठेवा आणि प्रयोग दुपारचा, साडेचारच्या सुमाराचा घ्या. रात्री साडेआठच्या प्रयोगाला या दोन दिवसांनंतर पहिल्याच अंकात मान कलते. माझा अनुभव आहे, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी गृहस्थांचाही, कारण मान त्यांच्या खांद्यावर कलली होती.

घरी आलात की कंदील बाल्कनीत टांगून एकदा दिवा लावून बघा. कुठे कागद सुटलाय, कुठे भोक आहे ते अंधारातच दिसतं. उरलेल्या खळीने तिथे ठिगळ लावा. खळ उद्यापर्यंत टिकत नाही, आंबते. मग दिवा काढून कंदील आत आणा आणि पडद्याच्या दांडीला अडकवा. रात्रीचं दव आणि एखादी चुकार सर यांच्यापासून तो वसुबारसेपर्यंत कोरडा राहायला हवा.